इम्युनोथेरपीनंतरचा खोकला अंगावर काढू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगावरील इम्युनोथेरपीच्या यशाविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळते आणि ते यश खरेच आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा अटकाव दूर करून तिलाच कर्करोगाशी लढवण्याच्या संशोधनाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, ड्युर्व्हालुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधांची नावे आता आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णांच्या फायलींतही दिसू लागली आहेत. पेम्ब्रोलिझुमॅबवरचे सीमाशुल्क केंद्र सरकारने २०२३ मध्ये आणि ड्युर्व्हालुमॅबवरचे २०२४ मध्ये माफ केले. डोक्या-मानेच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅबचा अवघा २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी दिल्यास लाभ होतो, हे मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या भागात या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. थोडक्यात, हे औषध घेणारे रुग्ण वाढत जाणार आहेत. त्याच्या एका गंभीर दुष्परिणामाची माहिती मात्र त्या वेगाने खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचलेली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा दुष्परिणाम म्हणजे फुप्फुसाचा दाह. डॉक्टर त्याला न्यूमोनायटिस म्हणतात. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी नावाच्या लढाऊ पेशींना आपल्याच शरीरावर हल्ला करण्यापासून रोखणारे जे ब्रेक असतात, ते ही औषधे सैल करतात. मोकळ्या सुटलेल्या पेशी कर्करोगावर तुटून पडतात, पण काही रुग्णांत त्या निरोगी फुप्फुसालाही सोडत नाहीत. एकच औषध चालू असेल तर साधारणपणे शंभरातील तीन ते पाच जणांना हा त्रास होतो. अशी दोन औषधे एकत्र दिल्यास, रुग्णाला फुप्फुसाचाच कर्करोग असल्यास किंवा छातीला आधी रेडिएशन दिलेले असल्यास हे प्रमाण वाढते. बहुतेकांना तो पहिल्या काही महिन्यांत होतो. मात्र पहिल्या डोसनंतर थोड्याच दिवसांत किंवा उपचार संपून काही महिने उलटल्यावरही तो उद्भवल्याची उदाहरणे आहेत. या गटातील औषधांच्या दुष्परिणामांमुळे जे थोडे मृत्यू होतात, त्यांतील मोठा वाटा फुप्फुसाच्या दाहाचा आहे.

लक्षणे मात्र अगदी साधी वाटतात: कोरडा खोकला, चालताना लागणारी धाप, कधी बारीक ताप. मी औषध दुकान चालवतो आणि घरातल्या आजारी माणसासाठी खोकल्याचे औषध मागणारी माणसे रोज पाहतो. पावसाळ्यात खोकला हवेवर ढकलला जातो, गुऱ्हाळे सुरू झाली की धुरावर आणि उसाचा पाला पेटवला की राखेवर. काउंटरवर दोन प्रश्न जास्त विचारले तर कधी कधी कळते की रुग्णाला पुण्या-मुंबईत दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून ‘केमो’ चालू आहे, आणि फाइल उघडली तर ते औषध इम्युनोथेरपीचे निघते. अशा रुग्णाला खोकल्याची बाटली देणे म्हणजे दुखणे झाकणे होय. आम्ही विक्रेत्यांनी ती न देता त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले पाहिजे, आणि हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही उद्देशून लिहीत आहे.

आणखी एक अडचण आपल्याच एका चांगल्या सवयीतून येते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, हा क्षयरोगाचा संदेश आपण इतकी वर्षे भिंतींवर वाचला आहे की त्याच्या आत दवाखान्यात जाण्याची गरज अनेकांना वाटत नाही. इम्युनोथेरपीच्या रुग्णाला ही दोन आठवड्यांची मुदत लागू पडत नाही, कारण दाह वाढणारा असेल तर तेवढ्या काळात रुग्ण थेट ऑक्सिजनवर जाऊ शकतो. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत अजून कपाटात पडून आहे. तो इथे उपयोगी पडेल. बसल्या जागी ठीक दिसणारा आकडा खोलीतल्या खोलीत पाच-सहा मिनिटे चालल्यावर उतरू लागला, तर ती धोक्याची खूण समजावी. आकडा चांगला आहे म्हणून दाह नाहीच, असे मात्र धरून चालू नये. छातीच्या साध्या एक्स-रेमध्येही सुरुवातीचे बदल सुटू शकतात, त्यामुळे डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील तर तो खर्चाच्या भीतीने पुढे ढकलू नये.

निदान झाल्यास पुढील डोस थांबवून स्टेरॉइड देतात. या आजारात जंतू नसल्याने एकामागून एक अँटिबायोटिक बदलून काही साधत नाही. परंतु आपल्याकडे क्षय अजून घट्ट ठाण मांडून आहे आणि स्टेरॉइडमुळे तो उफाळू शकतो, म्हणून थुंकीची तपासणी, आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून फुप्फुसाची तपासणी, उपचाराबरोबरच व्हायला हवी. मध्यम त्रासात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा रोजचा डोस वजनाच्या दर किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम असतो, म्हणजे साठ किलोच्या माणसाला किमान साठ मिलिग्रॅम. चिठ्ठीवरचा हा आकडा पाहून नातेवाईक दचकतात, आणि क्वचित एखादा विक्रेताही ‘एवढ्या गोळ्या कशाला’ म्हणून शंका काढतो. आठवडाभरात दम कमी झाला की रुग्ण स्वतःच गोळ्या बंद करतो, आणि दाह पुन्हा उलटतो. हा डोस चार ते सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ पायरीपायरीने उतरवायचा असतो. त्या काळात मधुमेहींची साखर वाढते, तिच्यावर लक्ष ठेवावे लागते, आणि जंतुसंसर्ग टाळण्यासाठी डॉक्टर वेगळी गोळीही जोडतात. वेळेत सुरुवात झाली तर बहुसंख्य रुग्ण यातून बरे होतात, आणि त्रास सौम्य असलेल्यांपैकी काहींना इम्युनोथेरपी पुन्हाही देता येते. तेव्हा हे सारे वाचून कोणी चालू उपचार परस्पर थांबवू नयेत.

माझी मागणी एवढीच आहे. इम्युनोथेरपीचा पहिला डोस देणाऱ्या प्रत्येक केंद्राने रुग्णाच्या हाती खिशात मावेल असे मराठी कार्ड द्यावे. त्यावर औषधाचे नाव, पहिल्या आणि शेवटच्या डोसची तारीख, खोकला किंवा धाप सुरू होताच ज्या क्रमांकावर फोन करायचा तो चोवीस तास उचलला जाणारा क्रमांक, आणि स्थानिक डॉक्टरांसाठी दोन ओळींची सूचना असावी. सध्या मिळणारा इंग्रजी सारांश बारीक अक्षरांत कित्येक पाने चालतो, आणि चंदगड किंवा शाहूवाडीच्या वाडीवर रात्री रुग्णाला धाप लागली, तर तो उलगडून सांगणारे घरात कोणी नसते. जिल्हा आरोग्य विभाग, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डॉक्टरांच्या संघटना यांनी अशा कार्डाचा एकच नमुना ठरवून दिला, तर खासगी केंद्रांनाही तो वापरणे सोपे जाईल. छपाईचा खर्च एका डोसच्या किमतीपुढे नगण्य आहे. तोवर गावातल्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या रुग्णाला खोकल्यासाठी तपासताना, सलाइनमधून नेमके कोणते औषध चालू आहे किंवा होते, हे फाइल मागवून पाहावे.

आपला विश्वासू,
एक औषध विक्रेता, कोल्हापूर