‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी: काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्ती करणारी आम्ही मंडळी हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहीत आहोत. तुम्ही आम्हाला जे शिकवलंत, त्याचा फायदा आमच्याइतकाच गिऱ्हाइकांनाही झाला. ‘पीसी चालू होत नाही’ असं ऐकलं की लगेच मदरबोर्डवर फुली मारायची, ही सवय आपल्या धंद्यात फार. तुम्ही ती मोडलीत.

तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: पंखा फिरतो का? पंखा फिरतोय आणि डिस्प्ले नाही, तर एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागे लागण्याआधी रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनी कनेक्टर बघायचा. तो कनेक्टर सुटलेला असला की पंखे छान फिरतात, पण प्रोसेसरला १२ व्होल्ट मिळतच नाहीत. ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लावलेली, हा प्रकारही नेहमीचाच.

काहीच हालचाल नसेल, तर मल्टिमीटर. एसएमपीएसकडून येणारा २४ पिनी कनेक्टर बोर्डात बसलेला असतानाच मागून मोजायचं: काळा प्रोब काळ्या वायरीला, लाल प्रोब जांभळीला. भिंतीवरचा स्विच चालू आणि पीसी बंद असतानाही तिथे ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. ते नसतील तर पुढे बटण कितीही दाबा, उपयोग नाही. ते आहेत, तर एसएमपीएसला ‘सुरू हो’ सांगणारी हिरवी वायर बघायची. बटण दाबल्यावर तिचा व्होल्टेज शून्याजवळ आला पाहिजे. येत नसेल, तर कॅबिनेटच्या बटणाची वायर काढून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडायच्या. पीसी उठला तर दोष बटणाचा, बोर्ड ठणठणीत. हिरवी खाली येते आणि तरी पंखा हलत नाही, तर एसएमपीएस तरी गेलाय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. मग एकेक कार्ड आणि ड्राइव्ह काढत जायचं. हा क्रम तुमच्याकडून मिळाला नसता तर कितीतरी चांगले बोर्ड भंगारात गेले असते.

हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस चांगला, असं तुम्ही कधीच मानू दिलं नाहीत. लोड नसताना आजारी एसएमपीएससुद्धा फिरतो. लोडवर १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली गेली की निकाल लागला.

चार-पाचदा बटण दाबल्यावर सुरू होणारा, आणि एकदा सुरू झाला की दिवसभर चालणारा पीसी, याचं कारण तुम्ही ज्या पद्धतीने उलगडलंत त्याबद्दल खास आभार. स्विच भिंतीवर चालू आहे तोवर एसएमपीएसमधला स्टँडबायचा भाग (जांभळ्या वायरीला व्होल्टेज देणारा) रात्रंदिवस जागा असतो. त्या उष्णतेत त्याचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे पार्ट) आतून सुकतात, ईएसआर म्हणजे त्यांचा आतला विरोध वाढतो आणि सुरुवातीच्या ओढीला व्होल्टेज बसतो. थोडं गरम झालं की ईएसआर उतरतो आणि पीसी चालू होतो. इलाज: तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा लो-ईएसआर कपॅसिटर, पोलॅरिटी (अधिक-उणे बाजू) नीट पाहून. हे काम जाणकारानेच करावं. आपल्या २३० व्होल्टवर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. आधी मोजायचं, मगच हात घालायचा, हे तुम्ही प्रत्येकाला दटावून सांगितलंत.

खाडीकाठच्या दमट हवेत रॅमचे कॉन्टॅक्ट काळवंडतात. त्यावर पॉलिशपेपर मारणाऱ्यांचे हात तुम्ही धरलेत, कारण सोन्याचा थर अगदी पातळ असतो. मऊ खोडरबर, हलका हात, चुरा स्लॉटपासून लांब, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. रॅमची एकच स्टिक लावून सुरुवात करायची. रॅम डीडीआर५ या नव्या पिढीची असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते; घाबरून बंद करायचा नाही.

गिऱ्हाइकाचं तर विचारूच नका. काढलेला पार्ट त्याच्या हातात देऊन, मीटरचं रीडिंग त्याला दाखवून मगच तुम्ही पैसे सांगता. आमच्या भागात ही पद्धत आता हळूहळू रुजते आहे, ती तुमच्यामुळे.

एक भर घालतो, नव्या मुलांना उपयोगी पडेल. बऱ्याच एसएमपीएसमध्ये हल्ली सगळ्या वायरी काळ्याच येतात. तेव्हा रंग सोडून पिन नंबर बघावा: स्टँडबाय ९, सुरू करण्याची १६, पॉवर गुड (व्होल्टेज ठीक असल्याची खूण देणारी) ८. काही ब्रँडेड पीसींत मात्र २४ पिनी कनेक्टरच नसतो, फक्त १२ व्होल्ट येतात; तिथे हे नंबर लावू नयेत, कंपनीचं मॅन्युअल उघडावं.

आपली,
नवी मुंबईतली दुरुस्तीवाली मंडळी