वहीच्या त्या पानाच्या फोटोसाठी, मॅडम

मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण तुम्ही फोनवर म्हणालात "माझं नाव कुठे घालू नकोस गं, मी काय केलंय एवढं". काय केलंय तेच सांगायला बसलेय. तीन दिवस झाले हे पत्र लिहितेय आणि खोडतेय, दोन ओळी झाल्या की गळा दाटून येतो आणि मग पुढचं सुचत नाही. आज जसं येईल तसं लिहिते, वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

जे वाचतायत पण या विषयातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही असं प्रोटीन बनवतो जे पेशीत जाऊन डीएनएवरची एकच ठराविक जागा शोधतं आणि तिथे जाऊन बसतं. माणसाच्या जीनोमचा एक संच म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरं, त्यातली सलग १७ अक्षरं ओळखायची. १७ अक्षरांचे १७०० कोटींहून जास्त वेगवेगळे क्रम होऊ शकतात, म्हणून नशीब बरं असेल तर तो क्रम अख्ख्या जीनोममध्ये एकदाच सापडतो. तिथे प्रोटीन बसलं की त्याच्या शेपटाला जे जोडाल ते काम होतं, कात्री जोडा, जीन चालू करणारा तुकडा जोडा, बंद करणारा जोडा. मला एक झोपलेला जीन जागा करायचा होता. बस्स, एवढंच माझं पीएचडी.

"मग क्रिस्पर का नाही" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. क्रिस्पर म्हणजे जीनोम एडिटिंगचं सध्याचं गाजलेलं साधन, पण त्याला सोबत जागा दाखवणारा गाईड आरएनए लागतो, आम्हाला सगळं एकाच प्रोटीनमध्ये हवं होतं. आणि एएव्ही नावाच्या ज्या व्हायरसमधून ते पेशीत न्यायचंय त्यात साधारण ४७०० अक्षरंच मावतात, क्रिस्परचं नेहमीचं प्रोटीन कॅस९ एकटंच त्यातली ४१०० खातं, वर जीन चालू करणारा तुकडा, गाईड, हे सगळं पेशीत बनायला सुरुवात करून देणारा प्रमोटर, हे कुठे बसवायचं? पण हे सांगितलं तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं की ही जुनाट कामात अडकलीय बिचारी.

आधी दीड वर्ष मी झिंक फिंगर केले. बेडकाच्या अंड्यातल्या एका प्रोटीनमध्ये १९८५ साली आरन क्लुग यांच्या ग्रुपला ही रचना दिसली, साधारण ३० अमिनो आम्लांचं एक बोट, मधे झिंकचा एक अणू धरून ठेवलेला, आणि एकेक बोट डीएनएची तीन-तीन अक्षरं वाचतं. १९९१ मध्ये डीएनएवर बसलेल्या तीन बोटांचा क्रिस्टल स्ट्रक्चरही आला. ऐकायला इतकं सोपं वाटतं, हवी ती बोटं घ्या आणि एकापुढे एक जोडा. मलाही तेच सांगितलं गेलं. पण बोटं एकमेकांच्या अक्षरांत लुडबुड करतात, एका बोटाचा एक हात शेजारच्या तिकडीपर्यंत पोचतो, त्यामुळे सुटं सुटं चाललेलं जोडल्यावर चालतंच असं नाही. नुसती बोटं जोडून बनवलेली बरीचशी प्रोटीनं चालत नाहीत हे २००८ मध्येच छापून आलंय. मला मात्र लॅब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, "तुझे हात चांगले नाहीत". कोण म्हणालं ते सोडा. पण ज्यांनी ते म्हटलं त्यांनी तो २००८ चा पेपर वाचलेला होता मॅडम, हे मला नंतर कळलं, आणि ते मला अजून विसरता येत नाही.

मग टेल प्रोटीनकडे वळले. याची गोष्ट मला फार आवडते. झॅन्थोमोनास नावाचा जिवाणू झाडांना रोग करतो, भाताला करतो, मिरचीला करतो, आणि झाडाच्या पेशीत स्वतःचं प्रोटीन टोचून झाडाचेच जीन स्वतःच्या सोयीने चालू करतो. त्या प्रोटीनमध्ये ३३ ते ३५ अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, जपमाळेतल्या मण्यांसारखा, फरक असतो तो मुख्यतः १२ व्या आणि १३ व्या जागेवर. या दोन जागा ठरवतात समोर कुठलं अक्षर हवं. त्या दोन अमिनो आम्लांचं लघुरूप एनआय असेल तर डीएनएचं अक्षर ए, एचडी असेल तर सी, एनजी असेल तर टी, एनएन असेल तर बहुधा जी. एक मणी एक अक्षर. २००९ मध्ये दोन ग्रुपनी स्वतंत्रपणे हा कोड उलगडला, एकाने प्रयोगाने आणि दुसऱ्याने कॉम्प्युटरवर क्रम जुळवून. वनस्पतींच्या रोगावर काम करणारी माणसं ही, जीनोम एडिटिंग करायला निघालेली नव्हती. मला वाटलं आता तरी हात सिद्ध करता येतील.

आणि झालं पण! जेल शिफ्टमध्ये, म्हणजे प्रोटीन डीएनएला चिकटलं का ते जेलवरच्या पट्ट्यांवरून, बँडवरून, बघायच्या प्रयोगात, माझं प्रोटीन माझ्या डीएनएला असं चिकटलं की बँड बघून मी बेंचवर डोकं टेकून दोन मिनिटं नुसती बसले. रिपोर्टर प्लाझ्मिडवर, म्हणजे चाचणीसाठी पेशीत बाहेरून टाकलेल्या छोट्या गोल डीएनएवर, पण चाललं, त्यातलं चमकणारं प्रोटीन ल्युसिफरेज झकास चमकलं. मग खऱ्या जीनवर, पेशीच्या स्वतःच्या डीएनएवर लावलं तर शून्य. पुन्हा केलं, शून्य. नवीन क्लोन, नवीन पेशी, नवीन प्राइमर, शून्य. अकरा महिने. ज्या ग्रुपची पद्धत वापरत होते त्यांना चार मेल केल्या, उत्तर नाही. एका वर्कशॉपमध्ये एका मोठ्या माणसाला गाठलं तर ते घड्याळाकडे बघत म्हणाले "ट्रान्सफेक्शन तपासा". ट्रान्सफेक्शन, म्हणजे डीएनए पेशीत नीट शिरतोय का, ते मी नऊ वेळा तपासलं होतं. आणि लॅबमध्ये परत तेच, हात.

तुमचा थीसिस मला योगायोगाने सापडला. शेवटच्या परिशिष्टात एक ओळ होती, या जागी पेशीत बाइंडिंग मिळालं नाही, कारण समजलेलं नाही. एवढीच. कोणी लिहितं का हो असं, स्वतःच्या थीसिसमध्ये? मी त्या रात्री तुम्हाला मेल लिहिली, ओळख ना देख, बहुतेक फार लांबलचक आणि रडकी होती, शेवटी मी असंही लिहिलं होतं की कदाचित माझे हातच चांगले नसतील. तुम्ही हे काम सोडून किती वर्षं झाली ते मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर. "फक्त टार्गेटची अक्षरं पाठव, बाकी काही नको." पाठवली. अर्ध्या तासात परत आली, सहाव्या आणि अकराव्या अक्षराला लाल गोल केलेला, आणि खाली लिहिलेलं की या दोन्ही ठिकाणी सी च्या पुढे जी आहे.

तिथेच सगळं होतं. सी नंतर जी आला की माणसाच्या पेशी त्या सी वर बऱ्याचदा मिथाइलचा एक छोटा गट चिकटवतात, खासकरून जे जीन गप्प ठेवायचेत तिथे. माझा जीन तर गप्पच होता. एचडी चा मणी सी ला अगदी जवळून धरतो, त्यात त्या मिथाइलला जागाच उरत नाही, तो मधे येतो आणि पकड सुटते. टेस्ट ट्यूबमधला माझा डीएनए विकत आणलेला, त्यावर मिथाइल नाही. प्लाझ्मिड ई कोलाय जिवाणूमध्ये वाढवलेला, तिथे सीजी वर हे मिथाइल लागतच नाही. म्हणून जिथे जिथे चाललं तिथे चालणारच होतं आणि जिथे चाललं नाही तिथे चालणं शक्यच नव्हतं. मी दोन वेगळ्या डीएनएंची तुलना करत बसले होते आणि मला वाटत होतं की एकच आहे.

तुम्ही हे इतक्या साध्या शब्दांत सांगितलंत की मी जन्मात विसरणार नाही. म्हणालात, टी आणि सी मध्ये काय फरक आहे आठव, टी ला पाचव्या जागेवर मिथाइल असतो, सी ला नसतो. मग त्याच जागी मिथाइल लावलेला सी प्रोटीनला कुणासारखा दिसेल? टी सारखा! एनजी मधल्या जी ची, म्हणजे ग्लायसीनची, बाजूची साखळीच नाही, म्हणून तिथे मिथाइलला मोकळी जागा मिळते. आणि एन-स्टार नावाचा मणी आहे, त्यात १३ वं अमिनो आम्ल गाळलेलं असतं, तो मिथाइल असलेला सी पण धरतो आणि साधा सी पण. हे २०१२ पासून छापलेलं आहे. मी वाचलेलं सुद्धा होतं बहुतेक, पण स्वतःच्या टार्गेटशी जोडून कधी बघितलंच नाही, आणि ज्यांचं काम मला ते दाखवायचं होतं त्यांनी एकदाही माझी १७ अक्षरं वाचली नाहीत. नऊ मीटिंग झाल्या मॅडम. १७ अक्षरं वाचायला किती वेळ लागतो?

पण हे पत्र त्या लाल गोलांसाठी नाहीये. ते उत्तर कदाचित कधीतरी, कुठूनतरी मिळालं असतं. त्याच संध्याकाळी तुम्ही अजून एक मेल पाठवलीत, मी काही मागितलेलं नसताना. त्यात एक फोटो. तुमच्या जुन्या लॅब वहीचं पान, कडेने पिवळं पडलेलं, जेलचा फोटो सेलोटेपने चिकटवलेला, सेलोटेप पण सुटत आलेला, सगळ्या लेन, म्हणजे जेलमधल्या रांगा, रिकाम्या, आणि खाली पेन्सिलने तुमचं अक्षर, "पुन्हा रिकामं. का?" त्या "का" खाली दोन रेघा. मेलमध्ये एकच ओळ होती, "माझी अशी २३ पानं आहेत, आणि माझे हात चांगले होते."

मी तो फोटो मोठा करून करून बघितला. त्या दोन रेघांपैकी दुसरी इतकी दाबून ओढलीय की कागद जरा फाटलाय. म्हणजे तुम्ही ही वही इतकी वर्षं जपून ठेवलीत, माझी मेल आल्यावर कपाटातून काढलीत, ते पान शोधलंत, फोटो काढलात, एका अनोळखी पोरीसाठी. कोणी स्वतःची रिकामी जेल दाखवत नाही हो. सगळे चमकणारे बँड दाखवतात, पोस्टरवर, पेपरात, स्लाइडवर. मी त्या दिवशी लॅबमधून लवकर निघाले आणि घरी जाऊन खूप रडले, आणि कितीतरी महिन्यांनी सलग आठ तास झोपले.

पुढचं थोडक्यात. कुठल्या सी वर मिथाइल आहे ते दाखवणारी बायसल्फाइट चाचणी करून बघितली, दोन्ही सी वर मिथाइल होताच, तुम्ही न बघता बरोबर होतात. दोन मणी बदलले, एचडी काढून एन-स्टार. गेल्या मंगळवारी जीन किती चालतोय ते मोजणाऱ्या क्यूपीसीआरची रेघ तुलनेच्या कंट्रोलच्या ४ सायकल आधी वर आली. दर सायकलला दुप्पट धरलं तर हे जवळपास १६ पट. तीनदा केलं, तिन्ही वेळा आली. जीन जागा झालाय मॅडम.

या क्षेत्रात चांगली माणसं नाहीत असं मी म्हणणार नाही. टेल जोडायचे सगळे तुकडे ज्यांनी बनवले त्यांनी ते अ‍ॅडजीन या प्लाझ्मिड वाटणाऱ्या संस्थेत ठेवून दिले म्हणून मला ते मिळाले, त्यांनी मला कधी पाहिलेलं पण नाही. कोणीतरी बाटलीवर तारीख नीट लिहितं, कोणीतरी प्लाझ्मिडचा नकाशा चुका दुरुस्त करून परत टाकतं, कोणीतरी थीसिसच्या शेवटी "कारण समजलेलं नाही" असं खरं खरं लिहितं. हे कुठल्या सीव्हीत येत नाही, याला बक्षीस नाही, पण माझ्यासारखी कितीतरी पोरं अशाच गोष्टींवर तगून राहतात. तुमची ती एक ओळ गाळली असतीत तर तुम्हाला कोणी काही विचारलं नसतं. आणि मी आज या कामात नसते, हे अगदी खरं सांगतेय, राजीनाम्याची मेल ड्राफ्टमध्ये पडून होती.

तुमच्या त्या पानाचा फोटो मी प्रिंट करून बेंचच्या वर लावलाय. परवा नवीन आलेल्या मुलीने विचारलं हे काय आहे, तिची पहिलीच जेल रिकामी आली होती. तिला सगळं सांगितलं आणि माझी वही पण उघडून दिली, त्या अकरा महिन्यांची सगळी पानं. मग आम्ही दोघींनी बसून तिचा सीक्वेन्स पहिल्या अक्षरापासून वाचला.

आता मी ऑफ-टार्गेट, म्हणजे प्रोटीन भलत्या जागी बसतंय का ते, तपासतेय, एन-स्टार जरा ढिला मणी आहे हे तुम्हीच बजावलं होतंत, त्यामुळे मिळत्याजुळत्या जागा एकेक करून बघायच्यात. पुढच्या आठवड्यात पहिला सेट येईल. कसाही आला तरी फोटो आधी तुम्हाला पाठवते, रिकाम्या लेनसकट.

तुमची,
१७ अक्षरं पाठवणारी