डायलिसिसला ‘घरीच राहा’ लागू होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथीच्या पूर्वतयारीवरचा आपला अग्रलेख वाचला. खाटा, प्राणवायू, लस हे सगळे त्यात आले, पण डायलिसिसवरच्या रुग्णांचा साधा उल्लेखही नाही. माझे पती हिमोडायलिसिसवर आहेत, म्हणजे मूत्रपिंडांचे रक्त शुद्ध करण्याचे काम त्यांच्यासाठी मशीन करते, म्हणून हे लिहिते आहे.

२०२० मध्ये कोविडने साऱ्या जगाला घरात बसवले, तेव्हाही या मंडळींना आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला सुमारे ४ तास, इतर रुग्णांसोबत एकाच हॉलमध्ये मशीनला जोडून घेणे भाग होते. त्यातून प्रतिकारशक्ती आधीच क्षीण. पहिल्या लाटेतल्या युरोपीय नोंदी पाहिल्या, तर बाधित डायलिसिस रुग्णांपैकी साधारण पाचातला एक दगावला.

पण संसर्गाइतकेच मशीनपासून लांब ठेवले जाणेही जिवावर बेतते. आमच्या केंद्राने तेव्हा ‘रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय मशीन नाही’ असा नियम काढला होता. रिपोर्टला दोन दिवस लागले, तर रक्तातले पोटॅशियम वाढायचे काही थांबत नाही. ते वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. अंगात पाणी साठून ते फुप्फुसांत उतरते आणि धाप लागते. मग त्या धापेलाच साथीचे लक्षण समजून रुग्णाला पुन्हा दारातून परत पाठवायचे! यातून कोणाचे रक्षण झाले, ते मला आजतागायत समजलेले नाही. दारावरचा तापमापकही फारसा भरवशाचा नाही, कारण या रुग्णांचे अंग मुळातच थंड असते आणि संसर्ग असूनही अनेकांना ताप चढत नाही.

संशयित रुग्णाला त्याच दिवशीच्या शेवटच्या शिफ्टमध्ये, कोपऱ्यातल्या मशीनवर, वेगळ्या नर्सच्या देखरेखीखाली घेता येते. हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी वेगळी मशीन ठेवण्याची शिस्त डायलिसिस केंद्रांनी १९७०च्या दशकापासून पाळली आहे. कोविडचा विषाणू मात्र श्वासातून पसरतो, त्यामुळे खिडक्या, मास्क आणि खाटांमधले अंतर यांचा वेगळा विचार लागेल, हे मान्य. केंद्रात नेणाऱ्या सामायिक गाडीकडे आणि बाहेरच्या बाकड्यांकडेही लक्ष हवे. तिथे लोक हॉलपेक्षाही खेटून बसतात. ज्यांना जमेल त्यांना घरी करायचे पोटाचे डायलिसिस (पोटात द्रव भरून करायचे, मशीनवर न जाता) आधीच शिकवून ठेवावे. साथ आल्यावर शिकवणार कोण?

औषधांचीही हीच कथा. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना चाचण्यांतून बहुधा वगळले जाते. अमेरिकेत २०२०च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेल्या रेमडेसिव्हिर या कोविडवरच्या औषधाला डायलिसिसच्या रुग्णांसाठी मान्यता मिळायला जुलै २०२३ उजाडला. लशीच्या मात्रांनीही या रुग्णांमध्ये प्रतिपिंडे कमी तयार होतात, म्हणून त्यांना जादा मात्रा द्याव्या लागल्या. पुढच्या साथीत औषधाची किंवा लशीची चाचणी आखताना या रुग्णांना वगळायचे असेल, तर त्याचे कारण लेखी आणि जाहीरपणे द्यावे.

आपली,
एक वाचक