६३ सेंटिमीटर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फोनवर हे मला सांगता आलं नसतं, म्हणून पत्र. उभ्याने वाचत असशील तर आधी बस.

आपल्या हौशी ॲथलेटिक्स क्लबाची स्मरणिका निघते आहे. इतिहासाचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं, कारण जुन्या वह्या माझ्याकडे आणि नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही. महिनाभर त्या वह्यांत डोकं खुपसून बसलोय. आपण इतकी वर्षं घाम गाळला त्याची नोंद म्हणजे काय, तर वर्गणी थकलेल्यांची नावं, हरवलेल्या गोळ्याची चौकशी, पावसाने धुऊन नेलेल्या स्पर्धा आणि एकाच सभेचे दोन निरनिराळे वृत्तान्त. कोण जिंकलं ते चार ओळींत उरकलंय. भाला कुणाच्या घरी ठेवायचा यावर मात्र दोन पानं खर्ची पडली आहेत. शेवटी तो माझ्याच जिन्याखाली राहिला, हे वेगळं.

सुरुवात मी दिमाखात केली होती. म्हटलं, आपल्या नावातल्या ‘हौशी’ या शब्दाचं मूळ शोधू. शोधलं, आणि पस्तावलो. १८६६ साली लंडनमध्ये ‘ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लब’ निघाला. त्याच्या त्या काळच्या नियमांत कारागीर, मजूर हे हौशी ठरतच नसत! हातांनी कष्ट करणाऱ्याचं शरीर आधीच कसलेलं, त्याच्याशी सभ्य गृहस्थांनी स्पर्धा कशी करायची, असा युक्तिवाद. १८८० साली ऑक्सफर्डला ‘ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन’ स्थापन झाली तेव्हा कुठे ही अट गेली. पैशाची भिंत मात्र तशीच राहिली. १९३२ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर फिनलंडचा धावपटू पावो नुर्मी याला बाहेर ठेवलं, प्रवासखर्चाच्या नावाखाली जादा पैसे घेतले म्हणून. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने आपल्या नावातून ‘ॲमॅच्युअर’ हा शब्द काढला तो थेट २००१ मध्ये. आपलं एक बरं होतं. पैसे देऊन धावायला आपल्याला कुणी बोलावलंच नाही, त्यामुळे आपली शुद्धता कधी कसाला लागली नाही.

हे सगळं मी लिहून काढलं आणि निम्मं खोडलं. स्मरणिका आपली आहे, लंडनची नव्हे.

आता मुद्द्यावर येतो. तुझं पान सापडलं. ८०० मीटर, तीन घड्याळं: १:५९.८, १:५९.९ आणि २:००.१. तिन्ही वेगळी, म्हणून नियमाप्रमाणे मधली वेळ धरली. १:५९.९, आणि क्लबात दोन मिनिटांच्या आत येणारा पहिला तू. इंग्लंडच्या रॉजर बॅनिस्टरने १९५४ साली मैल ३:५९.४ मध्ये धावून चार मिनिटांची भिंत फोडली, तीही संघटना विरुद्ध विद्यापीठ अशा एका साध्या सामन्यात. तो दाखला तू पुढे किती वर्षं आम्हाला ऐकवलास! २:००.१ दाखवणारं घड्याळ माझं होतं. ‘याचं बोट झोपलं होतं,’ हे तर त्याहून जास्त वेळा ऐकवलंस.

गेल्या रविवारी नव्या मुलांसाठी मैदान पुन्हा आखायला घेतलं. स्टीलची टेप मागून आणली होती, कारण आपली ती कापडी टेप ओढू तेवढी ताणते. नियमांचं पुस्तक उघडं ठेवून एकेक आकडा तपासत होतो. सरळ बाजू ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५०, अगदी आपण धरली होती तीच. आणि त्याखाली ती ओळ, जी तेव्हा आपण कुणीच वाचली नाही. फेरीचं अंतर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजायचं, पण ते कडेला कर्ब, म्हणजे उंच काठ, असेल तर. पाय अडखळू नये म्हणून धावणारा कर्बपासून जरा लांब राहतो. नुसती रेघ असेल तर तो तिला चिकटून धावतो, म्हणून तिथे २० सेंटिमीटरच धरायचे. ३६.५० ही त्रिज्या कर्बच्या मैदानाची, आणि आपल्याकडे कर्ब कसला, फक्कीची रेघ!

मैदानावरच उकिडवा बसून हिशेब केला. ४०० मीटरची आपली फेरी ३९९.३७ भरते. एका फेरीला ६३ सेंटिमीटर कमी, ८०० ला १ मीटर २६. तुझ्या त्या दिवशीच्या वेगाने एवढ्या अंतराला साधारण ०.१९ सेकंद लागतात. म्हणजे दोन मिनिटं आणि वर एक दशांश. माझ्या घड्याळाने सांगितलं होतं तेवढेच. (बोट झोपलेलंच होतं, मी आता ते नाकारत नाही. योगायोगाचं श्रेय कशाला घेऊ?)

तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे. अमेरिकेच्या जिम थॉर्पचं उदाहरण काढशील. १९१२ च्या ऑलिंपिकमधली त्याची दोन सुवर्णं पुढच्या वर्षी काढून घेतली, पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळला म्हणून. पण हरकत घ्यायची ३० दिवसांची मुदत तेव्हा उलटून गेली होती. १९८२ साली पदकं परत द्यायचं ठरलं, तोवर तो जाऊन २९ वर्षं झाली होती. आपली मुदत तर कधीच संपली. खरं आहे, पण इथे हरकत घेणारा मीच आणि चूक करणाराही मीच. मधल्या खुंटीशी दोरी धरून मी बसलो होतो आणि दुसरं टोक घेऊन फक्की टाकत फिरणारा तू होतास.

म्हणून असं ठरवलंय. तुझी वेळ खोडणार नाही, शेजारी खरं अंतर लिहीन: ७९८.७४ मीटर. पण ‘पहिला’ हा शब्द तुझ्या नावापुढून काढावा लागेल. तुझ्यानंतर दोन वर्षांनी त्या उंच, अबोल मुलाने १:५९.४ दिली होती, आठवतं? टाळ्यासुद्धा धड पडल्या नव्हत्या, कारण आपल्या लेखी तो दुसरा. त्याच्या वेळेत तेवढाच भार घातला तरी तो दोन मिनिटांच्या आत राहतो. अजूनही तो रोज पहाटे सगळ्यांच्या आधी येतो आणि हर्डल्स लावून ठेवतो. त्याला मी काही बोललेलो नाही. आधी तुला सांगायचं होतं.

चिडलास तर चीड, पण शनिवारच्या आत कळव. मजकूर छापायला जायचाय. आणि रविवारी ये. दोरी फक्त १० सेंटिमीटर वाढवायची आहे, त्रिज्या ३६.६० केली की फेरी बरोबर ४०० भरते. दुसरं टोक धरायला माणूस नाही.

तुझा,
झोपलेल्या बोटाचा