डॉक्टरची चिठ्ठी असली तरी

नागपूर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

आता वाडीहून माल भरून समृद्धीवर निघशील. गाडीतलं तुला माझ्याहून जास्त कळतं, त्यात मी तोंड घालत नाही. गोळ्यांचं मात्र मला कळतं, म्हणून लिहिते.

दारू नाही, गांजा नाही, म्हणजे आपल्याला कशाची भीती, असं ड्रायव्हर मंडळी धरून चालतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, म्हणजे नशेत गाडी चालवण्याबद्दलचं, नीट समजून घे. दारूसाठी त्यात आकडा आहे, १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. औषधासाठी आकडा नाही. गाडीवर नीट ताबा राहू नये इतका त्याचा अंमल होता का, एवढंच पाहतात. ते टपरीवरून आणलं की डॉक्टरनं लिहून दिलं, याला तिथं महत्त्व नाही. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चिठ्ठी खिशात असली तर गोळी जवळ का, याचं उत्तर तुझ्याकडे असतं. ती घेऊन गाडी चालवायची परवानगी त्या चिठ्ठीत नसते.

सर्वात साधी म्हणून जी गोळी घेतात, तीच आधी सांगते. सर्दीची. मेडिकलवर ‘सर्दीची द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात येते ती पॅरासिटामॉल आणि क्लोरफेनिरामिन एकत्र असलेली गोळी. ताप उतरवणारं पॅरासिटामॉल झोप आणत नाही, क्लोरफेनिरामिन आणतं. शिवाय त्यानं घाम कमी येतो, म्हणजे मे महिन्यातल्या आपल्या उन्हात केबिनमध्ये अंग आणखी तापतं. सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी रात्री घेतली तरी काहींना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जड वाटतं. शिंका आणि खाज यांना फेक्सोफेनाडिन त्या मानानं बरी, तिनं झोप क्वचितच येते. डॉक्टरांना आधीच सांग, ‘मी ट्रक चालवतो, गुंगी न येणारं लिहा.’ हे वाक्य न लाजता बोलायचं. त्यांच्या समोर शंभर पेशंट असतात, तू सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

स्ट्रिप हातात घेतली की पुढचं मोठं नाव सोड, मागे उलटव. बारीक अक्षरात प्रत्येक औषधाचं नाव आणि मिलीग्रॅम असतात. ‘क्लोरफेनिरामिन’, ‘प्रोमेथाझिन’, ‘कोडीन’, ‘ट्रॅमाडॉल’ किंवा ‘अल्प्राझोलॅम’ यातलं एकही दिसलं तर त्या दिवशी स्टिअरिंग नाही. कोपऱ्यात लाल अक्षरात ‘एनआरएक्स’ (NRx) असेल तर ते एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखालचं औषध आहे, म्हणून चिठ्ठी आणि स्ट्रिप दोन्ही जवळ हवीत. सुट्या गोळ्या प्लास्टिकच्या पुडीत ठेवून फिरू नकोस. त्या कशाच्या आहेत हे रस्त्यावर कोणालाच पटवता येत नाही.

पाठदुखीच्या गोळ्यांत ड्रायव्हर हमखास फसतात. दुखणं कमी करणाऱ्या औषधासोबत त्यात बरेचदा स्नायू सैल करणारं टिझानिडिन असतं. त्यानं झोप तर येतेच, शिवाय उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरतो. केबिनमधून खाली उडी मारायची तुला सवय आहे, नेमकी तिथंच भोवळ येते. पाठीला आधी सीटचं अंतर आणि पाठीमागची उशी बघ, आणि शेक घे. गोळी लागलीच तर मुक्कामाच्या रात्री.

झोपेची किंवा टेन्शनची गोळी तुला लागू नये हीच इच्छा. लागली तर हे गणित लक्षात ठेव. क्लोनाझेपाम अंगातून निम्मी जायला साधारण ३० ते ४० तास घेते. शनिवारी रात्री घेतलेली सोमवारी सकाळीही जवळपास अर्धी तुझ्यात असते. रोज घेत असशील तर ट्रिपसाठी म्हणून एकदम बंदही करू नकोस, झटके येऊ शकतात. अशा वेळी रजा माग. झोप उडवणाऱ्या गोळ्यांना तर हातच लावू नकोस. त्या झोप भरून काढत नाहीत, फक्त लपवतात, आणि उतरल्या की मेंदू ती वसूल करतो. ताशी ८० नं गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर.

नवीन कुठलंही औषध पहिल्यांदा घरी असताना घे. दोन दिवस बघ, मग ड्युटी.

आजी देते ते दशमूलारिष्टही औषधच. आसव-अरिष्टांत आंबवल्यानं आपोआप साधारण ५ ते १२ टक्के अल्कोहोल तयार होतं. ३० मिलीनं रक्तातला आकडा फार वाढत नाही, पण तोंडात राहिलेली वाफ पोलिसांच्या फुंकायच्या मशिनला लगेच लागते. ड्युटी संपल्यावर घे. घेतलंच असेल तर चूळ भर, पंधरा मिनिटं थांब आणि पोलिसांना सरळ सांग. फुंकायला नकार देऊ नकोस, त्यानं संशय वाढतो आणि प्रकरण रक्ततपासणीपर्यंत जातं. कलम १८५ खाली अटक झालीच तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं, हेही माहीत असू दे.

काही कंपन्या कामावर घेताना लघवीची तपासणी करतात. पट्टीची तपासणी काही मिनिटांत होते, पण ती चुकते. कोडीनचं अंगात मॉर्फिन, म्हणजे अफूतलंच द्रव्य होतं, त्यामुळे कोडीनच्या खोकल्याच्या औषधानंही अफूची पट्टी पॉझिटिव्ह येते. लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक घेतलं असेल तरी येऊ शकते. खसखसही त्यातलीच, आणि सावजी रश्श्यात ती असतेच, तेव्हा आदल्या दोन-तीन दिवसांत सावजी नको. नमुना देण्याआधी मागच्या आठवड्यात घेतलेलं प्रत्येक औषध फॉर्मवर लिही, चिठ्ठीची झेरॉक्स जोड. पट्टी पॉझिटिव्ह आली तर भांडू नकोस. त्याच नमुन्याची प्रयोगशाळेत जीसी-एमएस तपासणी करा, असं लेखी माग. तिथं नेमकं कोणतं औषध आहे ते कळतं.

गोळ्यांचा डबा डॅशबोर्डवर ठेवू नकोस, तिथं उन्हात त्या खराब होतात. सीटखाली, पाण्याच्या कॅनपासून दूर.

पाठीसाठी सध्या जी घेऊन राहिलास, तिचा मागच्या बाजूचा फोटो आज रात्रीच पाठव. ‘ती पिवळी गोळी’ असं सांगू नकोस, मला मागचं नाव लागेल.

तुझी,
आई