मंगळवारच्या आधी

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "टीमनं सोडलं" म्हणालास आणि लगेच मंगळवारच्या ट्रायआउटच्या फ्लाइटची वेळ सांगून मोकळा झालास. जेवलास का, हेही विचारू दिलं नाहीस. बाबा तेव्हापासून गॅरेज आवरताहेत.

नोकरीचा विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलेय. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये ३२ टीम आणि प्रत्येकीत खांबांमधून चेंडू मारणारा किकर एकच, हे तुला मी काय सांगणार?

पण एक विचारते. किक हुकली की तुझ्याजवळ कोण येतं रे? सव्वा सेकंदात स्नॅप, होल्ड, किक; एक चेंडू मागे देतो, दुसरा जमिनीवर धरतो, तू मारतोस. तेवढ्यात तुम्ही तिघं असता. नंतर बाकावर तू एकटा. जानेवारी २०१९ मध्ये शिकागोचा किकर कोडी पार्की, त्याची किक आधी खांबाला, मग आडव्या दांडीला लागली. चेंडूला समोरच्याचा हात लागला होता, तरी शिव्या त्यालाच. पुढच्या सीझनला तो त्या टीममध्ये नव्हता.

बाबा मात्र किकर यंगहो कूचंच सांगतात. सोलहून बाराव्या वर्षी आपल्या न्यू जर्सीत आलेला पोरगा; २०१७ मध्ये चार सामन्यांनंतर चार्जर्स टीमनं काढलं, आणि २०२० च्या सीझनला अटलांटाकडून थेट प्रो बोल, म्हणजे निवडक खेळाडूंचा मान! तो ब्रँडन ऑब्री तर सॉफ्टवेअरची नोकरी करत होता, तिशी जवळ आल्यावर २०२३ मध्ये काउबॉइज टीमकडे किकर म्हणून गेला. म्हणजे नोकरी सांभाळूनही... बघ, आलाच विषय. रागावू नकोस.

हायस्कूलच्या मैदानावर बाबा तुला चेंडू धरून द्यायचे, आठवतं? एकदा तुझा बूट त्यांच्या बोटावर बसला, नख काळंनिळं. तरी दुसऱ्या दिवशी हातमोजा घालून हजर. मी गोलच्या मागे चेंडू गोळा करायला, थंडीनं कुडकुडत तुला शिव्या देत. कॉलेजातली तुझी ५२ यार्डांची किक मी ग्रुपवर टाकली, तर मावशीचा साताऱ्याहून मेसेज, "म्हणजे सिक्स ना?" मी लिहिलं, तीनच गुण मिळतात. ती म्हणाली, एवढ्या लांबून मारून तीनच? मलाही ते पटलेलं नाहीच अजून.

मंगळवारी निवड झाली की नाही ते सावकाश सांग. आधी सांग, सोबत कोण होतं. चेंडू धरणारा तरी ओळखीचा आहे का? हॉटेलात एकटाच उतरणार आहेस?

बाबांनी तिकीट बघून ठेवलंय. तू नको म्हणशील म्हणून बोलले नाहीत. तूच त्यांना फोन कर.

– आई