हार्ड डिस्कला दोष देण्याआधी केबल तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क फार स्लो आहे' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची डिस्क अनेकदा ठणठणीत असते. चुकलेली असते ती जोडणी.

अडीच इंची, फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १४० एमबी डेटा लिहिते. यूएसबी २.० या जुन्या पिढीच्या जोडणीतून प्रत्यक्षात ३५ ते ४० एमबीच जातात. त्यामुळे ५०० जीबीची कॉपी सव्वा तासात व्हायची, ती चार तासांवर जाते. त्यानंतरच्या यूएसबी ३.० चा वेग सेकंदाला ५ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात ४०० एमबीच्या आसपास. फिरत्या डिस्कला तो पुरून उरतो. (पुढे त्यालाच '३.२ जेन १' म्हणू लागले. नाव बदलले, वेग तोच.) अशा डिस्कसाठी १० गिगाबिटचे किंवा थंडरबोल्ट या आणखी वेगवान जोडणीचे महाग एन्क्लोजर (डिस्क बसवायची पेटी) घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तो वेग एसएसडीलाच (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कलाच) उपयोगी.

खरी फसगत केबलमध्ये होते. टाइप-सी हे फक्त पिनेच्या आकाराचे नाव आहे, वेगाचे नाही. फोनच्या चार्जरसोबतची टाइप-सी केबल पुष्कळदा आतून २.० चीच असते. कित्येक डिस्कवर मध्ये खाच असलेले रुंद सॉकेट असते. त्याच्या मोठ्या भागात जुन्या फोनची मायक्रो यूएसबी पिन चपखल बसते, डिस्क सुरूही होते, पण २.० च्या वेगाने. खात्री करायची तर हजारो लहान फायली नकोत, चार-पाच जीबीची एकच फाइल कॉपी करावी. वेगाचा आकडा सेकंदाला ४० एमबीच्या पुढे हलेना, तर आधी केबल बदलावी, मग पोर्ट.

दुसरा घोळ विजेचा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. तबकडी फिरायला लागताना डिस्क क्षणभर एक अँपिअरच्या आसपास ओढते. वीज अपुरी पडली की टिक-टिक आवाज येतो, डिस्क दिसते आणि गायब होते, आणि नेमके तेव्हा लिखाण चालू असेल तर फाइल सिस्टिम (डिस्कवरच्या फायलींची मांडणी) बिघडते. म्हणून अॅडॉप्टर नसलेल्या हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या पट्टीवर) डिस्क लावू नये. डेस्कटॉपला मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरावा; पुढच्या पोर्टपर्यंत कॅबिनेटमधली वायर जाते, तिथे व्होल्टेज पडू शकते. केबल मीटरभराच्या आतलीच बरी.

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अॅडॉप्टर लागतो. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावला, तर डिस्कचे सर्किट जळू शकते.

केबल उत्पादकांकडे एक कळकळीची मागणी आहे : प्रत्येक केबलच्या टोकावर वेगाचा आकडा ठसठशीत छापा. काही जण छापतात. जिथे तो नसतो, तिथे दोन सारख्या दिसणाऱ्या केबलींतला दहापट फरक ग्राहकाने ओळखायचा कसा?

– संगणक दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक